भागीबाईच्या दाराचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. अंगानं पितळी, वजनाला जड. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भागीबाईनं मला तीनदा उघडून-लावून पाहिलं. "पोर आत ऱ्हाणार हाय," ती दुकानदाराला म्हणाली, "नीट बसलं पायजे."

२००४ साल होतं. भागीबाई सुरगाण्याकडच्या डोंगरातली. भात निघाला की द्राक्षांच्या हंगामाला खाली यायची. नवरा सोमा त्या वर्षी मध्येच सोडून गेला. द्राक्षं पेटीत भरायच्या पॅकहाउसमध्ये लहान मुलांना बंदी. म्हणून रोज सकाळी ती तीन वर्षांच्या मोहिनीपुढं भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवायची, अन् मला चाळीतल्या खोलीच्या दाराला लावून कामावर जायची.

पहिले आठ दिवस मोहिनी रडली. आतून दारावर हात मारायची. धक्का माझ्यापर्यंत यायचा. मग रडणं थांबलं. शेजारच्या लंकाबाईला वाटलं, पोर शहाणी झाली. मलाही तसंच वाटलं. पुढंपुढं भागीबाईनं संध्याकाळी दार उघडलं तरी पोर उठून येईना. होते नव्हते ते चार शब्दही गेले.

फाल्गुनात कुणीतरी सांगितलं, सोमा नांदगावला दिसला. "सांजच्याला येते," म्हणत भागीबाई मला लावून गेली. आली नाही. दुसऱ्या दिवशी लंकाबाईनं फटीतून पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. मी उघडलो नाही. त्यांनी कोयंडाच उचकटला. तांब्या कोरडा होता. मोहिनी तापानं फणफणली होती. दार उघडलं तरी तिनं मान वळवली नाही.

दुपारी भागीबाई पोहोचली. सोमा दुसरीबरोबर राहत होता. घरी चल म्हणून त्याला विनवण्यात तिचा दिवस गेला होता.

"कुठं मेली होतीस गं?" लंकाबाई ओरडली.

"पोर कुठं हाय?"

"नेली."

पंचनाम्यात मला चावीसकट जप्त केलं. नाशिकला बालकल्याण समितीच्या टेबलावर मी मोहिनीच्या फायलीजवळ पडून असायचो.

"रोज कोंडून ठेवायचात?" समितीच्या बाईंनी विचारलं.

"मंग कुठं ठेवू? कामावर नेऊ देत नाय. गावाला ऱ्हायले तर खाऊ काय घालू?"

"आणि तो दीड दिवस?"

पदराचं टोक भागीबाई बोटाला गुंडाळत राहिली.

समितीनं मुदत दिली. राहायला जागा दाखवा, मुलीला सांभाळायला माणूस दाखवा. दोन तारखांना भागीबाई आली. शिशुगृहातून मोहिनीला आणलं होतं. भागीबाईनं हात पसरले. पोर तिथल्या आयाबाईच्या पदरात शिरली.

त्यानंतर भागीबाई आलीच नाही. हंगाम संपला, खोली सुटली, ती भाताच्या आवणीला गावी गेली. तिला धाडलेली पत्रं पिंपळगावहून परत आली. मोहिनीचा फोटो घालून वर्तमानपत्रात सूचना छापली. भागीबाईच्या पाड्यावर वर्तमानपत्र जात नाही, अन् तिला वाचताही येत नाही. मुदत सरली. आईचा हक्क संपला, मुलगी दत्तक द्यायला मोकळी आहे, असा आदेश निघाला. बाईंनी तो दोनदा वाचला, पण सही त्यांनीच केली.

भागीबाई उगवली ती पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. भावजयीला राजी करायला तिला तेवढा वेळ लागला होता.

"ही माझी भावजय. ही सांभाळंल पोरीला. ग्रामपंचायतीचा दाखला बी आणलाय."

बाईंनी चष्मा काढला. "मोहिनी दत्तक गेली, भागीबाई."

"कुणाकडं?"

"ते सांगता येत नाही."

"लांबून बघन. बोलणार नाय."

"नाही हो."

कारकुनानं मला पुढं सरकवलं. "ही तुमची वस्तू. अंगठा द्या." तिनं अंगठा दिला, मला तिथंच टाकलं, अन् दाखल्याची घडी पोलक्यात खोचून भावजयीमागं निघून गेली.

मी वाया जाऊ नये म्हणून कारकुनानं मला दफ्तराच्या खोलीला लावलं. मोहिनीची फाइल आतच आहे.

लोकहो, त्या चाळीत नऊ खोल्या होत्या. रोज सकाळी मला लावताना सगळे बघायचे. "पोर आमच्यात ठेवून जा," असं एकानं म्हणायला हवं होतं. मी पितळेचा. मला बसायचं तेवढं कळतं.

आज सहा वर्षं झाली. दर दिवाळीनंतर भागीबाई येते, माझ्यासमोर व्हरांड्यात बसून राहते. कुणाला काही विचारत नाही. यंदा नवा कारकून तिच्याजवळ गेला.

"बाई, तुमची तारीख कुठली?"

"तारीख नाय."

"मग इथं बसू नका."

ती उठली.