हातभर बांध

मित्रांनो, बुटाची नाडी बांधायला तुम्ही रोज ज्याच्यावर पाय ठेवता, तो या इमारतीच्या फाटकाजवळचा लांबट काळा दगड म्हणजे मी. गाड्या भलतीकडे घुसू नयेत म्हणून मला इथे टाकले आहे. पण मी मूळचा बांधाचा दगड. या सिमेंटखाली एकेकाळी कोबी, मुळा आणि पालक पिकत होता, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल.

एका बापाने मला खाणीतून आणले. त्याने आपले रान दोन मुलांत सारखे वाटले आणि मधल्या बांधावर मला रोवले. रोवण्याआधी खड्ड्यात दोन ओंजळी कोळसा टाकला.

"कोळसा कुजत नाही," तो मुलांना म्हणाला. "उद्या कुणी दगड हलवला तरी खाली खूण राहील. भांडू नका रे."

म्हातारा शहाणा होता, पण पोटच्या पोरांना ओळखायला चुकला. त्यांनी मला कधीच हलवले नाही. त्यांनी बांध कोरला.

बांध कोरणे म्हणजे काय, ते सांगतो. नांगरताना फाळ जरासा बांधात घालायचा, की बोटभर माती आपल्या रानात येते. थोरल्याने कोरला की पुढच्या वर्षी धाकटा कोरी. दोन्हीकडची माती गेली आणि मी बोळक्या तोंडातल्या शेवटच्या दातासारखा उघडा पडलो.

"दादा, लाज वाटत नाही? हातभर आत आलायस!"

"मी? नांगर तुझा फिरला, आणि चोर मी होय रे?"

मग बोलणेच बंद झाले. विहीर मात्र एकच, धाकट्याच्या रानात. तिचे पाणी माझ्याशेजारून पाटाने थोरल्याच्या भाजीला जाई. एवढे हाडवैर, पण त्या पाटाला धाकट्याने कधी हात लावला नाही. मला त्याचे फार कौतुक वाटे.

शहर तेव्हा लांब होते. बघता बघता ते हाकेच्या अंतरावर आले आणि एक दिवस जमीन घेणारा माणूस बांधावर उभा राहिला. थोरल्याने त्याला तिथूनच वाटेला लावले.

"भाजी हवी तर घेऊन जा. रान नाही मिळायचं."

तो माणूस धाकट्याकडे गेला. धाकट्यालाही विकायचे नव्हते. बोलताना तो खाली बघून एकसारखी ढेकळे फोडत होता. पण त्या माणसाने हळूच विचारले, "थोरले नको म्हणतात. तुम्हीसुद्धा त्यांना विचारूनच ठरवणार का?"

झाले! आगीत तेल पडले.

"मी कुणाला विचारत नाही," धाकटा म्हणाला, आणि त्याने रान देऊन टाकले.

विहीर बुजवायला एक सकाळ पुरली. पाट कोरडा पडला. थोरल्याची बायको लांबच्या नळावरून कळशीने पाणी आणून कोबी जगवू लागली, पण गड्डे मुठीएवढेच राहिले.

"सोड आता," थोरला तिला म्हणाला. "कळशीनं कुठं शेत भिजतं?"

ती घरी गेल्यावर तो माझ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याचे अश्रू माझ्यावर पडले, ते मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या हंगामाच्या आत त्याचेही रान गेले. यंत्राने मला उपटले तेव्हा ज्या हातभर मातीसाठी दोघांनी अर्धा जन्म अबोला धरला, ती मातीसुद्धा त्याच घासात गेली.

आता धाकटा इथेच तिसऱ्या मजल्यावर राहतो. बांध गेला तसा अबोलाही गेला; थोरला अधूनमधून त्याला भेटायला येतो. बंद खोलीत जीव गुदमरतो म्हणून दोघे खाली येतात आणि माझ्यावर खेटून बसतात. दोन म्हाताऱ्यांना मी कसाबसा पुरतो.

"दादा, बांध कुठं होता रे आपला? त्या निळ्या गाडीपाशी?"

"छे, त्याच्या अलीकडे. तुझंच रान मोठं होतं."

"नाही रे, तुझंच."

कुणाचे रान मोठे, यात दोघेही चुकतात. कोळसा बरोबर त्या निळ्या गाडीच्या खाली आहे आणि वाटणी अगदी सारखी होती. पण आता ते सांगून कोणाला काय मिळणार?

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेर अजून एखादा बांध शिल्लक असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना माझा निरोप द्या. म्हणावे, भांडा, हवे तेवढे भांडा, पण भांडायला जमीन तरी राखा.