हरकत

न्यायाधीशांच्या माणसांनी तिसरं कपाट उघडलं, तेव्हा एर्वे कर्व्हेला दाराशी उभा राहून चष्मा पुसत होता. मनातून तो खूश होता. सोलेन तांगीच्या कचेरीची झडती आपल्या डोळ्यांनी पाहण्याचं भाग्य काही रोज लाभत नाही.

वकिलाच्या कचेरीची झडती वकील संघाच्या अध्यक्षाशिवाय होत नाही. अशिलाच्या कागदांना कोणी हात घातला तर अध्यक्षाने हरकत घ्यायची. फ्रान्सच्या ब्रेतों किनाऱ्यावरच्या त्या बंदरात एर्वे हाच अध्यक्ष होता. सोलेनला सनद मिळाली ती त्याच्याच संघाकडून, आणि येत्या गुरुवारी संघापुढे ती काढून घ्या म्हणणाराही तोच होता. गोदामाच्या आगीच्या खटल्यातली गुपितं तिने वार्ताहराला पुरवली, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. फक्त पुरावा नव्हता.

"तुम्हा दोघांचं वैर गावाला माहीत आहे," तपास न्यायाधीश पेरिगो बाई सोलेनला म्हणाल्या. "उपाध्यक्षांना बोलावू का? तुमचे मित्र आहेत ते. आम्ही थांबू."

"नको. हेच राहू देत."

"का म्हणून?" एर्वेने विचारलं.

"आलाच आहात, तर कामाला लागा."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईला कधी सरळ बोलता आलं नव्हतं.

आगीच्या खटल्याची फाइल खालच्या खणात निघाली. ती वाचायचा अधिकार फक्त पेरिगो बाईंना आणि त्याला. दोघं खिडकीशी गेले. आरोपीने आपल्या वकिलाला, म्हणजे सोलेनला, काय काय सांगितलं, ते सगळं आत होतं. शेवटच्या पानावर सोलेनच्या तिरप्या अक्षरात वार्ताहराचं नाव होतं आणि त्याला काय सांगायचं, त्याचे मुद्दे. एर्वेने ते दोनदा वाचलं. वर्षभर तो हेच शोधत होता.

"फाइल मी नेते," पेरिगो बाई हळूच म्हणाल्या. "जप्त झालं की शेवटचं पान तुमच्याही कामाचं आहे. तुम्ही फक्त गप्प राहा."

गप्प राहणं सोपं होतं. पण अध्यक्षाने गप्प राहावं, असं त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. त्याला सोलेनपेक्षाही या बाईचा संताप आला.

"हरकत," तो मोठ्याने म्हणाला. "पूर्ण फाइलीला. बचावाचे कागद आहेत हे."

"नीट विचार करा."

"लिहून घ्या."

फाइल लाखेने बंद झाली. हरकतीवरचा निकाल आता दुसरा न्यायाधीश देणार होता, आणि बचावाचे कागद बहुधा परतच येतात. पेरिगो बाई त्याच्याकडे न बघता माणसांना घेऊन निघून गेल्या.

सोलेनने कॉफी ओतली, एकाच कपात.

"गुरुवारी मी तुमची सनद मागणार," एर्वे म्हणाला. "आज वाचवलं म्हणून हुरळून जाऊ नका."

"मागा ना. पुरावा काय देणार?"

ते शेवटचं पान तो संघापुढे मांडू शकत नव्हता. झडतीत वाचलेलं बाहेर बोलणाऱ्या अध्यक्षाची स्वतःचीच सनद जाते.

"उपाध्यक्षाला का नाही बोलावलंत?" त्याने सावकाश विचारलं.

"हरकत त्यानेही घेतली असती. पण तुम्ही गुरुवारी मोकळे राहिला असता. आता कुठूनही पुरावा आणलात, तरी तो इथूनच नेला असंच ठरेल."

"आणि मी हरकत घेतलीच नसती तर?"

"तुम्ही?" तिने कप खाली ठेवला. "मला तुम्ही नजरेसमोरही नको. पण एवढं मी ओळखते तुम्हाला."

तो जिना उतरून खाली आला. गाडीत बसल्यावर त्याने संघाच्या कचेरीत फोन लावला.

"गुरुवारी तांगी बाईंविरुद्ध मी उभा राहणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी नेमा."

"बरं, साहेब," चिटणीस बाई म्हणाल्या. "कारण काय लिहू?"

एर्वेने वर पाहिलं. सोलेन खिडकीत उभी होती. त्याच्याकडे बघतही नव्हती.

"कारण लिहायचं नाही," तो म्हणाला.