यादीतलं पहिलं नाव

मी टेप बोलतोय. खरं तर कॅसेट मी जन्मात गिळलेली नाही. माझ्या पोटात ब्लूटूथ आहे, कपाळावर निळ्या अक्षरांची एक पट्टी आणि डाव्या गालाला आवाजाचं गोल बटण. पण विश्रांतवाडीच्या लिमयांच्या घरी गाडीत जे वाजतं त्याला टेपच म्हणतात. मीही कधी हरकत घेतली नाही.

माझा जन्म कुठे झाला, ते माझ्या पाठीवरच्या कागदावर छापलेलं होतं. बसवणाऱ्याने तो कागद पहिल्याच दिवशी सोलून टाकला. म्हणून माझं खरं आयुष्य श्रीनिवासरावांपासून सुरू होतं.

त्यांनी मला निवडायला चार रविवार घेतले. नाना पेठेतल्या दुकानात यायचे, डोळे मिटायचे आणि एकेका सेटवरून हात फिरवायचे. दुकानदार म्हणाला, "काका, आता पडद्याचे सेट आलेत." ते म्हणाले, "पडदा बघायला थिएटरं आहेत. रस्त्यावर डोळे ठेवून हाताला सापडलं पाहिजे." चौथ्या रविवारी त्यांच्या बोटांना माझं गोल बटण सापडलं. कोणी आपल्याला न बघता पसंत करावं, असं भाग्य फार थोड्यांना मिळतं.

माझ्या स्मरणात पाचच फोन मावतात. पहिलं नाव अर्थातच श्रीनिवासरावांचं. मग त्यांच्या पत्नी उल्काताईंचं, मग मुलाचं, आमोदचं. चौथा आमोदचा ऑफिसचा फोन. पाचवे लोणी काळभोरचे अभयकाका, श्रीनिवासरावांचे धाकटे भाऊ. ते गाडीत एकदाच बसले आणि "माझाही जोडा की," म्हणत कायमचे यादीत राहिले.

किल्ली फिरली की मी आधी पहिलं नाव शोधायचो. ते पट्टीवर इंग्रजी अक्षरांत उमटायचं आणि समोर ठिपके पळायचे. श्रीनिवासराव शेजारीच असायचे, त्यामुळे शोध लगेच संपायचा.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. मला कोणी सांगितलं नाही. मला सांगायची सोयच नाही. किल्ली फिरली की मी आपला त्यांचं नाव लिहून शोधत राहायचो, चांगला वीस सेकंद. सापडले नाहीत की पुढच्या नावाकडे वळायचो.

त्या वीस सेकंदांत गाडी हलायची नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारा आमोद, पण तोसुद्धा गिअरवर हात ठेवून बसून राहायचा. उल्काताई पर्समध्ये चष्मा शोधायच्या, तो डोळ्यांवर असला तरी. नाव गेलं की आमोद म्हणायचा, "निघू या." याबद्दल दोघं आपसांत कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग स्वराली आली. लग्न होऊन आलेली नवी सून. कमी बोलणारी, पण बघणारी. आधी तिला वाटलं, जुनी गाडी आहे, इंजिन तापायला वेळ लागत असेल. तिने ते आमोदला विचारलंही नाही. आठवड्याभरात तिची नजर माझ्या पट्टीवर स्थिरावली, आणि त्यानंतर त्या वीस सेकंदांत तीही बांगड्या वाजू न देता बसायला लागली.

स्वतःचा फोन तिने मला जोडला नाही. मांडीवर ठेवायची, रस्ता सांगणारी बाई मांडीवरूनच बोलायची. आमोद म्हणायचा, "अगं, जोड ना." ती म्हणायची, "राहू दे, ऐकू येतंय." नव्या घरात फडताळातला कुठला कप्पा आपला, हेही तिने कोणाला विचारलेलं नसणार.

एक दिवस ती एकटी गाडी घेऊन सहकारनगरला माहेरी निघाली. येरवड्यापाशी रस्ता खणलेला. फोन मांडीवरून घसरून सीटखाली गेला आणि रस्ता सांगणारी बाई खालून काहीतरी पुटपुटायला लागली. स्वरालीने गाडी बाजूला घेतली, फोन शोधला, दोन क्षण विचार केला आणि तो जोडायला माझं बटण दाबून धरलं.

इथे मला कबुली द्यायची आहे. सहावा फोन आला तर आधीच्या पाचांतला कुठला काढायचा, हे मी विचारायला हवं होतं. अभयकाका चालले असते. ऑफिसचा फोन चालला असता. पण विचारायची अक्कल मला बनवणाऱ्याने दिलेलीच नाही. सहावा आला की पहिला जातो, एवढंच मला शिकवलंय. मी आवाज न करता जागा करून दिली.

माहेरून निघताना तिने किल्ली फिरवली आणि सवयीने थांबली. पट्टीवर नाव आलं उल्काताईंचं. तिने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. असं तीनदा केलं. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. उल्काताई पुढे बसलेल्या. मी त्यांचं नाव लिहिलं, त्यांच्या पर्समधला फोन क्षणात सापडला आणि मी आनंदाने टुंग केलं. इतकं वाईट टुंग मी आयुष्यात केलेलं नाही. आमोद पट्टीकडे बघत राहिला. "टेप सटकलाय वाटतं," तो म्हणाला. उल्काताई समोर बघत म्हणाल्या, "निघा. उशीर होतोय." मागे स्वरालीने स्वतःचा फोन पर्समध्ये खोल सरकवला.

त्यानंतर तीन आठवडे आमोद नवा सेट निवडत होता. सात इंची की नऊ इंची, फोनचा नकाशा पडद्यावर वायरने दिसणार की वायरशिवाय, मागचा कॅमेरा लागेल का. प्रत्येक वेळी स्वराली म्हणायची, "आधी हा दुरुस्त होतो का बघू या ना."

"दहा वर्षांचा टेप कोण दुरुस्त करतं? तुझा एवढा जीव का त्याच्यावर?"

माझ्यात काही बिघाड नाही हे तिला ठाऊक होतं. सांगितलं तर सासऱ्यांचं नाव पुसणारी सून ठरणार. नाही सांगितलं तर मी भंगार ठरणार. तिला एकटीला गाडीत बसून तोच विचार करताना मी पाहिलंय.

शेवटी सगळे त्याच नाना पेठेतल्या दुकानात आले. गाडी दुकानाच्या तोंडाशी लावली. जुन्या दुकानदाराचा मुलगा रविराज आता गल्ल्यावर असतो. त्याने भिंतीवरचे पडदे एकेक करून पेटवले. उल्काताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"जो फोन आता बंद आहे, त्याला शोधतो का हा?"

रविराज हसला. "नाही काकू. हा हुशार आहे. समोर असेल त्याला पकडतो. नसलेल्याच्या मागे लागत नाही."

"बरंय," उल्काताई म्हणाल्या. "आमच्यात कोणीतरी हुशार हवंच होतं."

आमोद नव्या सेटभोवती बसणाऱ्या फ्रेमचं माप बघायला आत गेला. उल्काताई गाडीत येऊन बसल्या. स्वराली त्यांच्या शेजारी, स्टिअरिंगसमोर. मग ती एका दमात बोलली, लग्नानंतरच्या चार महिन्यांत बोलली नसेल इतकं.

"आई, टेप बिघडलेला नाही. मी माझा फोन जोडला आणि बाबांचं नाव गेलं. मला माहीत नव्हतं, जाईल म्हणून. त्यांचा फोन द्या ना मला. मी आत्ता घरी जाऊन आणते, परत जोडते."

"तो सुरू होत नाही. बॅटरी फुगली. अभयभाऊजी म्हणाले, टाकून द्या. मी कपाटात ठेवलाय."

स्वराली रडायला लागली. उल्काताईंनी तिला थांबवलं नाही.

"मला त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "ह्यांना शोधायचं सोडून मेला मला शोधायला लागला. म्हटलं, कोणीतरी आत आलंय. तू कधी सांगतेस, बघत होते."

"चिडलात?"

"ह्यांचं नाव काढायला मी स्वतः दोनदा बटण दाबायला गेले होते. हात झाला नाही. रोज वीस सेकंद वाट बघायची म्हणजे गंमत नाही गं." त्यांनी माझ्या गोल बटणावर बोट ठेवलं, फिरवलं नाही. "तुझ्या हातून झालं. बरं झालं असं म्हणवत नाही अजून. पण झालं."

मग त्या उतरल्या, दुकानात गेल्या आणि डोळे मिटून एकेका सेटवरून हात फिरवायला लागल्या. आमोदला नऊ इंची गुळगुळीत हवा होता. त्यांचा हात सात इंचीवर थांबला. त्याला कोपऱ्यात गोल बटण होतं.

"आई, सगळं टच आहे, बटण कशाला हवंय?"

"रस्त्यावर डोळे ठेवून हाताला सापडलं पाहिजे."

हे वाक्य कोणाचं, ते आमोदला कळलं. त्याने रविराजला सात इंचीच काढायला सांगितला.

रविराजने मला ओढून काढलं, वायरी सोडवल्या. नवा बसला. "पहिला फोन कोणाचा जोडू?" त्याने विचारलं. स्वराली मागे सरकली. उल्काताई म्हणाल्या, "तिचाच जोडा. नंतर पुन्हा कोणाला तरी हलवायला नको."

मला नव्या सेटच्या खोक्यात घालून स्वरालीने मांडीवर घेतलं. किल्ली फिरली. नव्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत फोन पकडला. तरी गाडी हलली नाही. मी मोजत होतो. वीस झाल्यावर आमोद म्हणाला, "निघू या."

आता मी उल्काताईंच्या लोखंडी कपाटात असतो, दुसऱ्या खणात. माझ्याशेजारी, चार बोटांवर, रुमालात गुंडाळलेला श्रीनिवासरावांचा फोन आहे. दोन वर्षं ज्याला खाली पार्किंगमधून हाका मारल्या, तो हाच. आता हाक मारायला माझ्या अंगात वीज नाही, ऐकायला त्याच्या अंगात नाही. आणि असती, तरी नाव मीच पुसलंय. मला विचारावं लागलं असतं, आपण कोण?

कधीतरी दुपारी कपाट उघडतं. उल्काताई असतात, कधी स्वरालीही. दोघी काही शोधत नसतात. एक विनंती करतो. आम्हा दोघांना वेगळं ठेवू नका, एवढंच.