खिंडीवरची शाई

त्या डोंगराला सगळे म्हातारा म्हणायचे. वर्षा-दोन वर्षांनी तो झोपेत कूस बदलायचा आणि खिंड इकडची तिकडे व्हायची. म्हणून खिंडीची वाट पेन्सिलीनंच काढायची, हा नकाशाघराचा दंडक. आणि थोरलीनं, वडिलांची हुशार लेक म्हणे, ती शाईनं काढली! का, तर तिचा वाटाड्या भाऊ कुरकुरला, "ताई, घामानं रेघ पुसली जाते गं." भावापुढं हिचं काही चालेल तर शपथ!

सकाळी तो नऊ प्रवासी घेऊन वर गेला. दुपारी थोरली टाक धुवायला अंगणात आली, तर झरा कोरडा. म्हातारा वळायच्या आधी झरे आटतात.

"बाबा, घंटा वाजवा!"

"वाजवली की दंडकानं आपले सगळे नकाशे बाद. काय घाई आहे? हादरा बसला की पोरगा रेघ पुसेल आणि बसेल."

"मी शाई वापरलीय."

वडिलांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ते स्वतःच दोराकडे धावले.

घंटा ऐकली की वाटाड्यानं आधी रेघ पुसायची, कारण रेघ दिसली की घाबरलेली माणसं तिच्यावरून पळत सुटतात. मग आहे तिथं बसून राहायचं. डोंगर निजला की माणशी एकदा आरसा चमकवायचा, वाटाड्यानं सर्वांत शेवटी.

जमीन हादरली. मेजावरच्या दौती कलंडल्या. बऱ्याच वेळानं झऱ्याला गढूळ पाणी आलं, आणि वर आरसा चमकला. थोरली खिडकीशी जीव मुठीत धरून मोजत होती. सात, आठ, नऊ. दहावी चमक काही येईना.

"माझ्या भावाला मीच मारलं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी भाऊ स्वतःच्या पायांनी दारात आला. ती त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. त्यानं तिला हळूच बाजूला केलं आणि नकाशा मेजावर पसरला. खिंडीच्या जागी कागद झिजून झिरझिरीत झाला होता, तरी रेघ दिसत होती.

"जाईचना गं. थुंकी लावली, दगडानं घासली. त्यांच्यातला एकजण म्हणाला, शाईची आहे म्हणजे पक्की वाट असणार. थांबवेपर्यंत पळाला. तुम्ही मोजलेली नववी चमक माझी होती."

थोरलीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"त्याची आई खाली उभी आहे, ताई. काय सांगू तिला?"

"तू नको," थोरली म्हणाली. तिनं नकाशाची घडी घातली आणि ती जिना उतरू लागली.