उभ्या सातांतली चार

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या साली पुंजाजीच्या मेंढवाड्यात पुन्हा एक कोकरू पुढचे पाय पिळवटूनच जन्मलं. आईच्या आचळाला तोंड लावायलाही त्याला उभं राहता येईना. पुंजाजी त्याला मांडीवर घेऊन नाम घेत बसला. दुपार कलायच्या आत मांडीवरची ऊब गेली.

औंढ्याच्या डोंगरकडेला राहणाऱ्या या भोळ्या जीवाचा कळप म्हणजे बिरोबाचं देणं. देवाला सोडलेला मेंढा एकच. तो विकायचा नाही, कापायचा नाही, अन् त्याच्या देखत दुसरा नर ठेवायचा नाही. त्याची नर कोकरं सोयऱ्यांना प्रसाद म्हणून द्यायची. त्यामुळं कळपातल्या तरण्या मेंढ्या साऱ्या त्याच्याच लेकी, अन् आता त्यांच्या कोकरांचा बापही तोच.

पुतणी रागिणी परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. सुट्टीत आलेली, तिनं ओसरीवर उडीद अन् ज्वारीचे दाणे मांडले.

"अगं बया, करणी करून राहिली का?" पुंजाजीची बायको पंचफुलाबाई ओरडली.

"हिशेब हाय, काकू. कोकराला बापाकडून एक दाणा येतो, आईकडून एक. दोन्ही उडीद आले की पाय वाकडे. एक जरी ज्वारीचा असला तर कोकरू ठणठणीत, पण उडीद आत दडून बसतो. आपल्या मेंढ्यात तो हाय. निम्म्या लेकींत उतरला असंल. आता बाप-लेकीची आठ कोकरं धरली, तर सरासरी एक वाकडं."

"आठात एकच ना?" पुंजाजीचा जीव भांड्यात पडला. "ते देवाचं. सात तर उभी ऱ्हातात!"

"काका, त्या उभ्या सातांतल्या चारांत उडीद हाय."

"कोणत्या चारांत?"

"तेच तर दिसत न्हाई. मेंढा कळपातून काढा. अन् त्याची कोकरं कोणाला देऊ नका."

अंगणात कोकरं उड्या मारत होती, सारी एकसारखी. आत दडलेला देव डोळ्यांना दिसत नाही, हे कीर्तनात टाळ धरून पुंजाजीनं किती वेळा ऐकलं होतं, अन् दर वेळी त्याचे डोळे भरून आले होते. आज त्याच न दिसण्याचं त्याला भय वाटलं. प्रसाद किती घरी गेला होता!

दुसऱ्या दिवशी वारंगा फाट्याकडून व्याही सटवाजी आला, खांद्यावर घोंगडी टाकून.

"व्याही, अजून एक प्रसाद पाहिजे. मागचा लई पावला. माझ्या कळपात आता जिकडंतिकडं त्याच्याच लेकी!"

पुंजाजी म्हणाला, "यंदा न्हाई द्यायचा."

"काहून?"

"रक्तात खोट हाय. तुमचाही मेंढा काढा."

सटवाजी आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. "देवाच्या मेंढ्यात खोट? का लेकीच्या घरी द्यायला हात आखडला? सांगतो तिला, तुझ्या बापानं देव अडवून धरला."

लेकीचे दिवस भरत आले होते, अन् तिला बाळंतपणाला माहेरी धाडायचं का नाही, ते सटवाजीच्या हाती. पंचफुलाबाईनं पदर तोंडाला लावला.

पुंजाजीनं रागिणीकडं पाहिलंच नाही. नर कोकरांत तो शिरला, डोळे मिटले, हाताला आलं ते उचललं अन् त्याच्या कपाळाला भंडारा लावला. सटवाजीनं खुरांवर डोकं टेकवलं. कोकरू त्याचं बोट चोखू लागलं.

"दांडगं हाय, मागच्यापरीस दांडगं," सटवाजी निवून म्हणाला. "आता ह्याच्याबिगर दुसरा नर कळपात ठेवतच न्हाई."