बिलकिसचे हात

बिलकिसने माझ्या हातात पहिल्यांदा बांगड्या भरल्या, तेव्हा मी इगतपुरीहून लग्न होऊन नाशकात आलेली नवी सून होते आणि ती सटाण्याहून आलेली, समोरच्या बांगडीवाल्या मणियारांची नवी सून. तिने माझा हात धरून अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबला आणि म्हणाली, "कडक हात आहे गं तुझा. भांडकुदळ दिसतेस." मी भांडले नाही, हसले. तेव्हापासून माझ्या हातात दुसऱ्या कुणी बांगडी भरलेली नाही. पल्लवी पोटात होती तेव्हाच बिलकिसने सांगून ठेवलं होतं, "मुलगी झाली तर तिच्या लग्नाचा चुडा मीच भरणार."

मुलगीच झाली. दोन हजार सहाच्या मे महिन्यात तिचं लग्न ठरलं, आणि तोवर बिलकिसचे हात पार कामातून गेले होते.

आमवात. सकाळी मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. बोटांची पेरं सुजून तिच्या स्वतःच्या सव्वादोन मापाच्या बांगड्या गेल्या, अडीचच्या आल्या, मग काच घालणंच सुटलं. दुकान तिचे यजमान, सलाउद्दीनभाई, चालवत होते, पण त्यांचा हात जड. त्यांच्याकडून बायका बांगड्या विकत न्यायच्या, भरून घ्यायच्या नाहीत. गोळ्या झाल्या, स्टिरॉइड झालं, कुणीतरी सांगितलेला काढा झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करू. वसीम, तिचा मुलगा, कुवेतला होता. खर्चाचं मी बघतो, असं त्याने फोनवर सांगून टाकलं.

बिलकिसने लगेच हिशेब मांडला. लग्नाला दीड महिना आहे, तोवर बोटं चालायला लागतील.

पण इंजेक्शनच्या आधी तपासण्या असतात. त्यातली एक टीबीची. हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई टोचतात, भोवती पेनाने गोल काढतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथली सूज मोजतात. सूज मोठी असली तर आत टीबी दडलेला असू शकतो, मग इंजेक्शन लांबतं. हे सगळं नर्सने तिला नीट समजावून सांगितलं होतं. तिने नको तेवढं नीट ऐकलं.

सूज दाखवायला मीच तिच्याबरोबर गेले. रिक्षात बसल्यावर तिने बुरख्याची बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंत आवळलेली कापडी पट्टी दातांनी सोडायला लागली. आत तेल चोपडलेलं होतं.

"हे काय?"

"सूज बसवली," ती म्हणाली. "काल रात्रीच आफियाकडून बांधून घेतली." आफिया तिची मुलगी.

नवव्या महिन्यातल्या बाईचे हात सुजलेले असतात, बांगडी जात नाही. तेव्हा मणियार तेल लावून पट्टी आवळतात, घटकाभर थांबतात आणि सूज उतरली की अलगद बांगडी सरकवतात. माझ्या डोहाळजेवणाला तिने हेच केलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या सुजा दाबणारी बाई, आपलीही दाबून मोकळी झाली.

"अगं, ती काय बांगडी घालायची सूज आहे? ते बघायचंय त्यांना!"

"मालूम है. म्हणून तर दाबली." आणि मग रिक्षाच्या फटफटीत ती सहज बोलून गेली, "अब्बा टीबीनेच गेले ना सटाण्याला. मी तेव्हा त्यांच्याच खोलीत झोपायची. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला होता का? मी नाही म्हटलं."

"का?"

"आधी टीबीच्या गोळ्या घे म्हणेल. महिने जातील त्यात. पल्लवीचा चुडा कोण भरेल, तू?"

मला राग आला. ही बाई माझ्या मुलीच्या चुड्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालायला निघाली होती, आणि वर मलाच विचारत होती. दवाखाना येईपर्यंत मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे वाईट लक्षण असतं.

आत नर्सने मोजपट्टी लावून सूज मोजली. "थोडीच आहे," म्हणाली. डॉक्टरांनी पेन उचललं. बिलकिसने माझ्याकडे बघितलं. मी आता बोलणार, हे तिने ओळखलं. तिच्या डोळ्यांत सरळ विनंती होती.

"साहेब, तिने रात्रभर पट्टी आवळून ठेवली होती," मी म्हटलं. "आणि तिचे वडील टीबीने गेलेत. ही त्यांच्याच खोलीत झोपायची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला समजावलं की हे औषध सांधे शांत करतं, पण त्याबरोबर शरीराची राखणही ढिली करतं. आत टीबी दबा धरून बसला असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. छातीचा फोटो चांगला आहे ही नशिबाची गोष्ट, पण आधी टीबीच्या गोळ्या, इंजेक्शन नंतर.

"लग्नाच्या आधी?" बिलकिसने विचारलं.

"नाही."

परतीच्या रिक्षात ती माझ्याकडे पाठ करून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "चुडा माझा होता, ललिता. तू कोण तो काढून घेणारी?"

त्यानंतर बोलणं बंद. गल्ली आठ पावलांची, आणि आम्ही एकमेकींना दिसायचो नाही.

चुड्याच्या दिवशी आफिया टोपली घेऊन आली. बांगड्या बिलकिसनेच निवडलेल्या होत्या, पल्लवीच्या हाताला अगदी बरोबर. आफियाला अजून सराव नव्हता. एक बांगडी वाढली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि पल्लवीच म्हणाली, "होऊ दे गं, दुसरी घाल." पल्लवीचा चुडा भरून झाल्यावर आफियाने माझ्यापुढे हात केला. मी माझा पदराखाली घेतला.

"मुलीच्या लग्नात आईचे हात जुन्याच बांगड्यांचे?" माझ्या जाऊबाई, सुलाबाई, सगळ्यांदेखत बोलल्या.

"माझे हात आहेत," मी म्हटलं. "तुम्ही जेवायला बसा."

पण मांडवात जेव्हा पल्लवी नव्या हिरव्या हातांनी पाया पडली, तेव्हा मला रडू आलं. त्यातलं निम्मं बिलकिससाठी होतं.

दिवाळीच्या सुमारास आफिया दारात उभी. हातात थर्माकोलची पेटी.

"मावशी, अम्मीचं इंजेक्शन सुरू झालंय. आमच्याकडे फ्रीज नाही. अम्मी म्हणाली, ललिताकडे ठेव. बर्फाच्या कप्प्यात नको म्हणाली, आणि दारातही नको."

"अम्मीला तोंड नाही का?"

"आहे. पण ती तुमच्याशी बोलत नाही."

घ्या! बोलायचं नाही, पण माझ्या फ्रीजवर हुकूम चालवायचा. मी मधल्या फळीवरचं दही हलवलं आणि इंजेक्शनांचा डबा तिथे ठेवला. दर आठवड्याला आफिया यायची, एक इंजेक्शन न्यायची. लोडशेडिंगच्या दिवसांत मी फ्रीजचं दार कुणाला उघडू द्यायचे नाही. घरच्यांनी कोमट ताक प्यायलं. इंजेक्शन कुठे टोचतात, दुखतं का, मूठ वळते का, सगळं मी आफियाला विचारायचे. ती घरी जाऊन सांगत असणार.

संक्रांत झाली. एका दुपारी मी गहू पाखडत बसले होते. दार ढकलून कुणीतरी आत आलं. बघते तर बिलकिस, एकटी, एका हातात बांगड्यांची टोपली. तिच्या मनगटावर काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. अडीचच्या नव्हत्या.

ती माझ्यासमोर पाट ओढून बसली.

"हात दे."

मी दिला. तिने माझ्या जुन्या, टवके उडालेल्या बांगड्या बघितल्या, एकेक करून उतरवल्या. मग अंगठ्याखालचा उंचवटा पकडला आणि असा दाबला की माझ्या तोंडून "आई गं!" निघालं.

ती घाबरून थांबली. "दुखलं? अजून अंदाज येत नाही गं जोराचा."

"दुखलं," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलं नाही. "दाब तू."