फुलांचं कव्हर

सावंगीकरांच्या घरात माणसांची वयं चढत जात आणि फोन उतरत जात. नवा फोन आधी मंदारच्या खिशात यायचा, कारण कमावता तो. त्याचं मन उडालं की तो बायकोकडं, म्हणजे चारुताकडं. चारुताकडून सासूबाईंकडं, भानुमतीबाईंकडं. तोवर काच कोपऱ्यात तडकलेली असायची आणि बॅटरी दुपारीच मान टाकायची. "मला काय करायचाय नवा," असं भानुमतीबाई म्हणायच्या आणि सगळे ते खरं धरून चालायचे. खरं धरण्यात सगळ्यांचीच सोय होती. पुढं भानुमतीबाई वारल्या, आणि त्यांचा फोन कपाटात साड्यांखाली गेला.

पण सावंगीकरांचं घर वस्तू टाकणाऱ्यांतलं नव्हे. टाकलं की कचरा होतो, दिलं की पुण्य लागतं, एवढं गणित चारुताला लग्नाआधीपासून येत होतं. दिवाळी आली तशी तिला स्वयंपाकाच्या द्वारकाबाई आठवल्या आणि द्वारकाबाईंबरोबर साड्यांखालचा फोन आठवला.

फोन काढून पाहते तर त्याची पाठ तव्यावरच्या फुलक्यासारखी वर आलेली. ती तो घेऊन पैठण गेटला मोबाइलच्या दुकानात गेली. दुकानदारानं फोन हातात न घेताच लांबून पाहिला.

"भाभी, बैटरी फूल गई. चार्जिंग पे मत रखना अब."

"मग बदलून द्या की."

"चिपकाके देते ना कंपनीवाले. खोलने गया तो डिस्प्ले जाता. उत्ते में दूसरा फोन आ जाएगा."

दुकानात येऊन रिकाम्या हातानं परतायची चारुताला सवय नव्हती. समोर कव्हरं टांगलेली होती. गुलाबी फुलांचं एक जाडजूड कव्हर तिनं निवडलं, फोनची पाठ अंगठ्यानं दाबून त्यात बसवली. बसली. बाहेरून पाहणाऱ्याला आत काय फुगलंय ते कळायचं कारण नव्हतं, आणि घरी पोचेपर्यंत चारुतालाही ते फारसं आठवेनासं झालं. त्यातलं सगळं पुसून तिनं फोन कोरा केला आणि वसुबारसेच्या दिवशी फराळाच्या डब्यावर ठेवून दिला.

"आगं बाई, मोठ्या बाईंचा फोन!" द्वारकाबाईंनी तो कपाळाला लावला. "ताई, मला काय येतंय ह्यातलं. लेक येईल भाऊबीजेला पाचोडहून, तिला देते. लई आनंदंल."

म्हणजे फोन उतरायच्या जिन्याला अजून एक पायरी होती. चारुताला त्याचंही बरंच वाटलं. एका दानात दोन घरं.

फेब्रुवारीत सोसायटीनं जुना इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करायचं ठरवलं. पुढाकार अर्थातच चारुताचा. त्याआधी शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये संघपाल नावाचा तरुण माहिती द्यायला आला. कचरा नेणाऱ्या संस्थेचाच तो माणूस. मंदार शेंद्र्याच्या कंपनीत, तिथला माल युरोपात जायचा, त्यामुळं युरोपचे कायदे त्याला स्वतःच्या घरचे वाटत. संघपालाच्या आधी तोच उठून बोलला. "तिकडं दोन हजार सत्तावीसपासून फोनची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतःला काढता आली पाहिजे. कायदाच केलाय. आपल्याकडं केव्हा होणार?"

"माझ्या पहिल्या फोनची मी नखानं काढत होतो," मागून सदाशिवराव म्हणाले. ते मंदारचे वडील, तहसिलीतून निवृत्त झालेले. "आधी नखाचं काम काढून घेतलं, आता ते परत द्यायला कायदा. आमच्या कचेरीत यालाच सुधारणा म्हणत."

लोक हसले. संघपालही हसला, पण मग त्यानं वाळूची बादली पुढं ओढली आणि चिमट्यानं तिच्यातला एक फोन वर धरला. पाठ उचकटलेली, फुलक्यासारखी.

"हा असा दिसला की बंद करायचा आणि बंदच ठेवायचा. दाबायचा नाही, टोचायचा नाही. घट्ट कव्हरात तर कोंबायचाच नाही. आणि चार्जिंगला चुकूनसुद्धा लावायचा नाही. हा पेटला तर पाण्याचा तांब्या आणायला उठेपर्यंत हात गेलेला असतो."

चारुताच्या अंगठ्याला ती पाठ पुन्हा लागली. इतकी, की तिनं अंगठा पदरात घेतला.

"चारुता," पुढच्या खुर्चीवरून अध्यक्षबाई वळल्या. रत्नमालाताई. यांच्याकडंही पोळ्यांना द्वारकाबाईच. "तू दिला होतास ना गं दिवाळीत द्वारकाबाईंना? सगळीकडं सांगत होत्या बिचाऱ्या. चांगला होता ना?"

सगळ्या बायका वळल्या.

"एकदम चांगला," चारुता म्हणाली.

आता हे बोलून झालं, ते झालं. रात्री पडल्यापडल्या तिनं हिशेब मांडला. फोन परत आणायचा, हे नक्की. पण का आणायचा, ते सांगायचं कसं? फुगलेला होता म्हणावं, तर माहीत असून दिला असं होतं. आज फुगला असेल म्हणावं, तर द्वारकाबाई विचारणार, ताई तुमाला पाचोडचं इथं बसून कसं कळलं. आणि द्वारकाबाईंच्या कानात पडलेलं पोळ्या भाजून होईतो रत्नमालाताईंच्या ताटात पडतं. दिलेली वस्तू परत मागायची, तर कारण असं हवं की मागणाऱ्याचा मान राहील आणि परत देणाऱ्याला नाही म्हणता येणार नाही.

असं कारण तिला सापडलं. माणसं खोटं बोलताना जे सगळ्यात पवित्र असेल तेच आधी हाताशी घेतात.

रविवारी सकाळी द्वारकाबाई कणीक तिंबत होत्या. "द्वारकाबाई, एक काम होतं. त्या फोनमध्ये आईंचे फोटो राहिलेत हो. तेवढा परत मिळाला तर... तुम्हाला दुसरा देते मी."

बाहेर पेपर वाचणाऱ्या सदाशिवरावांचा पेपर खाली आला.

"आगं माय," द्वारकाबाईंनी पिठाचे हात तसेच छातीला लावले. "मोठ्या बाईंचे फोटू? आन् आमी वापरीत बसलो! थांबा, माझ्या सुरेखाला लावते."

त्यांनी कोपरानं बटण दाबून आवाज मोठा केला. पलीकडं शिलाई मशीनचा खडखडाट थांबला.

"ताई? तो बंद करून ठिवलाय की," सुरेखा म्हणाली. "संक्रांतीपास्नं लई फुगला व्हता. हे म्हणले, नगं वापरू, इस्फोट व्हईल. बॅटरी काडाय बगितली ह्यांनी, पर ह्याला झाकणच नाय. मंग पत्र्याच्या डब्यात टाकून दिला माळ्यावर."

चारुतानं ते मनात पुन्हा म्हटलं. बंद. डब्यात. संघपालानं सांगितलेलंच पाचोडच्या गोकुळला, सुरेखाच्या नवऱ्याला, आपसूक सुचलं होतं. आता फक्त तो डबा एस.टी.त बसवला की झालं.

"बरं केलंत. तसाच पाठवून द्या मग."

"पर फोटू हायेत का बगते की आदी. इतक्या दिसाचा पडलाय, पुसले गेले आसतील तर? जरा चार्जिंगला लावते..."

"नको, नको. राहू दे," चारुता घाईनं म्हणाली. "राहू दे गं, कशाला त्रास. तसाच पाठव."

आता 'राहू दे' याचा अर्थ काय असतो ते पाचोडला पक्कं ठाऊक आहे. शहरातली ताई चहाला 'राहू दे' म्हणते, तेव्हा चहा टाकायचा असतो. पिशवी उचलू लागलं की 'राहू दे' म्हणते, तेव्हा पिशवी उचलायची असते. ऐकून खरंच राहू देतो तो अडाणी.

"तरास कसला ताई," सुरेखा हसून म्हणाली. "मोठ्या बाईंनी मला लग्नात पैठणी दिली. एवढं बी नाय करायचं व्हय?" आणि फोन ठेवला.

चारुताला एकच वाक्य बोलायचं होतं: लावू नकोस, तो पेटेल. परत फोन लावून ते बोलता आलं असतं. द्वारकाबाईंचा फोन समोर ओट्यावर पडलेला होता, पिठाच्या बोटांचा. पण द्वारकाबाईही समोर होत्या. आणि सदाशिवराव दारात येऊन उभे राहिले होते.

"वेरूळचा असेल गं त्यात," ते म्हणाले. "शेवटचं गेलो तेव्हाचा. पायऱ्यांवर दमून बसली होती आणि मला म्हणाली, आता काढा. केस विस्कटलेत तरी काढा. मला वाटलं, तो फोटो गेलाच."

"असेल, बाबा," चारुता म्हणाली.

खाली कचरा न्यायची गाडी आल्याची हाक आली. संध्याकाळी एकटी असताना पाचोडला फोन लावू, असं ठरवून ती उतरली. सोसायटीनं भरभरून दिलं. मिक्सर, इस्त्र्या, खोकी टीव्ही, वायरींचे गुंतवळे. रत्नमालाताईंनी फोटो काढले. मधोमध चारुता, वाळूच्या बादलीला हात लावून.

त्याच वेळी पाचोडला काय झालं, ते पुढं गोकुळनं सांगितलं तसं असं. सुरेखानं फोन चार्जिंगला लावला, तो सुरू झाला. तिनं फोटो पाहिले. तिचेच होते, लेकराचे, शिवलेल्या ब्लाउजांचे. मोठ्या बाईंचा एकही नाही. ताई म्हणतात म्हणजे असणारच, आपल्यालाच सापडत नाहीत, असं म्हणून तिनं तो वायरीसकट हातात घेतला आणि एक एक कप्पा उघडत बसली. गोकुळ म्हणाला, काढ ती वायर. ती म्हणाली, थांबा जरा, सापडतेत. चेहरा जवळ नेला होता, कारण मोठ्या बाई एका फोटोत मागं उभ्या असल्यासारख्या वाटल्या.

रत्नमालाताईंच्या स्वयंपाकघरात द्वारकाबाईंचा फोन वाजला तो दीड वाजता.

घाटी रुग्णालयात चारुता मंदारबरोबर गेली, तेव्हा सुरेखाचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता आणि डोक्याभोवतीची पट्टी एका डोळ्यावरून गेली होती. दोन बोटांची खात्री डॉक्टर देत नव्हते. डोळ्याचं नंतर सांगू म्हणाले. पलंगाच्या पायाशी द्वारकाबाई बसल्या होत्या. नखांत सकाळची कणीक अजून तशीच होती.

चारुता घरातून ठरवून निघाली होती. सांगायचं. सगळं नाही, निदान फुगलेला होता एवढं. तिनं तोंड उघडलं, पण सुरेखाचा आवाज आधी आला. ओठ सुजलेले, शब्द निम्मेच.

"ताई... मोठ्या बाईंचे फोटू जळाले. माझ्या हातनं. मला माफी करा."

मंदारनं मान खाली घातली. शेजारच्या पलंगावरच्या बाईनंही चुकचुकून चारुताकडं पाहिलं, तिचं केवढं नुकसान झालं म्हणून.

"ती म्हणती, येक बी फोटू दिसला नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या चारुताकडं पाहत होत्या. नुसत्याच पाहत होत्या. "सगळं बगितलं म्हणती."

इथं खरं बोलायला जागा होती. इतकी मोठी जागा पुन्हा मिळत नसते.

"आत कुठल्यातरी कप्प्यात असतील हो," चारुता म्हणाली. "असू दे, सुरेखा. तू मनाला लावून घेऊ नकोस."

सुरेखाच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. बरं वाटल्याचं.

घरी आल्यावर चपला काढताना चारुताला दिसलं की सदाशिवरावांनी भिंतीवरची भानुमतीबाईंची तसबीर उतरवून पुसून ठेवलीय. शेजारी नवा खिळाही ठोकलेला होता.

"कशी आहे पोरगी?"

मंदारनं सांगितलं. त्यांनी तसबीर पुसायचं फडकं घडी करून ठेवलं. मग चारुताकडं वळले.

"वेरूळचा होता का गं त्यात?"

"होता, बाबा."

"जळाला?"

"जळाला."

त्यांनी मान हलवली. खिळ्यावर बोट फिरवलं, पक्का बसलाय का पाहिल्यासारखं.

"पोरीला मात्र काही बोलू नकोस हं," ते म्हणाले. "तिची काय चूक. तुझ्याच शब्दाला जागली ती."

"नाही बोलणार," चारुता म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.